शहरांचा कारभार गव्हर्नरकडे सोपवताना: काय द्यावे, काय हाती ठेवावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रीसिव्ह या संगणकावरच्या राज्य उभारण्याच्या खेळात, क्लासिक नियमसंचावर, राजेशाही शासनपद्धतीत तुमची २६ शहरे झाली आहेत आणि प्रत्येक शहर उघडून नागरिक हलवण्यात एकेका फेरीला अर्धा तास जातो. म्हणून तुम्ही सगळ्या शहरांवर विज्ञानाला प्राधान्य देणारा तयार साचा लावून गव्हर्नर, म्हणजे नागरिकांना आपोआप कामाला लावणारी खेळातली सोय, चालू केला. दहा फेऱ्यांत पाच शहरांतून गव्हर्नर बाहेर पडला, त्यांतल्या दोन शहरांत अशांतता माजली, चार शहरे ८ लोकसंख्येवर अडकली आणि राजधानीतले आश्चर्य (जगात एकदाच उभारता येणारी भव्य वास्तू) रेंगाळले. गव्हर्नर वापरण्याच्या लायकीचा आहे की नाही, असे तुम्ही विचारले आहे.

तो नक्कीच वापरण्याच्या लायकीचा आहे, आणि २६ शहरांच्या राज्यात त्याच्याशिवाय नीट खेळणे मला तरी जमत नाही. पण त्याला नेमके कोणते काम द्यायचे आणि कोणत्या शब्दांत द्यायचे, हे आधी स्पष्ट असावे लागते. तुमच्या चारही तक्रारींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. गव्हर्नरच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पट्ट्या असतात, एक ‘किमान शिल्लक’ची (खर्च वजा जाता निदान किती उरावे) आणि दुसरी ‘गुणका’ची (कोणत्या उत्पन्नाला किती महत्त्व द्यावे). या दोन्ही एकाच गोष्टीच्या कमीजास्त मात्रा आहेत असे समजून त्या ठेवल्या गेल्या आहेत. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. हा फरक मी पुढे एका शहराचे आकडे मांडून दाखवतो, कारण तो शब्दांपेक्षा आकड्यांत लवकर पटतो.

आधी गव्हर्नरचे काम कोठवर आहे ते पाहू. फ्रीसिव्ह हा खेळ १९९५ च्या नोव्हेंबरात डेन्मार्कमधल्या आर्हूस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी लिहायला घेतला, आणि सुरुवातीच्या सिव्हिलायझेशन खेळांतली शहराची रचना त्यात जवळजवळ तशीच आली. मधली टाइल (नकाशावरचा एक चौकोन) आणि तिच्याभोवतीच्या २० टाइल्स, म्हणजे एकूण २१ टाइल्सचा शहराचा परिसर असतो. मधली टाइल आपोआप उत्पन्न देते, आणि उरलेल्यांपैकी जितके नागरिक तितक्या टाइल्सवर काम चालते. प्रत्येक नागरिक दर फेरीला २ अन्न खातो. जो नागरिक टाइलवर नाही तो विशेषज्ञ होतो: मनोरंजक, करवसुली करणारा किंवा शास्त्रज्ञ. गव्हर्नर एवढेच ठरवतो की कोणता नागरिक कोणत्या टाइलवर बसेल आणि कोण विशेषज्ञ होईल. शहरात काय बांधायचे हे तो ठरवत नाही, करांचे दर बदलत नाही, रस्ते-खाणी करणाऱ्या कामगारांना हुकूम देत नाही आणि शेजारच्या शहराचा विचारही करत नाही.

एवढ्याशा कामासाठी यंत्र का लागावे, असे वाटू शकते. २० टाइल्समधून ६ निवडण्याचे ३८,७६० मार्ग आहेत, १० निवडण्याचे १,८४,७५६, आणि यात विशेषज्ञांचे पर्याय अजून धरलेलेच नाहीत. गव्हर्नरही हे सगळे मार्ग एकेक करून तपासत नाही. सारखे उत्पन्न देणाऱ्या टाइल्स तो एका गटात घालतो. जी टाइल सगळ्याच बाबतींत दुसरीपेक्षा सरस आहे ती रिकामी ठेवून दुसरी वापरणारी मांडणी तो मुळातच बाद करतो. आणि हाती असलेल्या उत्तरापेक्षा चांगले काही निघण्याची शक्यता ज्या वाटेवर उरलेली नाही, ती वाट तो अर्ध्यावर सोडतो. म्हणूनच २६ शहरांची मांडणी तो क्षणात करतो, आणि दिलेल्या निकषांवर त्याचे उत्तर आपल्या उत्तरापेक्षा कमी भरलेले मी क्वचितच पाहिले आहे. चूक होते ती बहुतेक वेळा निकषात.

आता ते शहर. राजेशाही आहे, लोकसंख्या ६ आहे, गवताळ जमिनीवर किनाऱ्याला वसलेले आहे. मधली टाइल ३ अन्न, १ उत्पादन आणि १ व्यापार देते. परिसरात एक माशांची टाइल आहे (३ अन्न, २ व्यापार), पाटाचे पाणी आणि रस्ता असलेल्या तीन गवताळ टाइल्स आहेत (प्रत्येकी ३ अन्न, १ व्यापार), खाण असलेल्या दोन टेकड्या आहेत (प्रत्येकी १ अन्न, ३ उत्पादन), आणि साधा समुद्र भरपूर आहे (प्रत्येकी १ अन्न, २ व्यापार). सहा जणांना १२ अन्न लागते. माशांची एक आणि गवताळ तीन टाइल्स कोणीही घेईलच, त्यामुळे खरा प्रश्न उरलेल्या दोन नागरिकांचा आहे. ते टेकड्यांवर गेले तर शिल्लक ५ अन्न, ७ उत्पादन आणि ६ व्यापार. समुद्रावर गेले तर शिल्लक तेच ५ अन्न, पण १ उत्पादन आणि १० व्यापार. अन्नात काहीच फरक नाही. निवड आहे ती ६ उत्पादन आणि ४ व्यापार यांच्यातली.

अन्नाचा गुणक २, उत्पादनाचा १ आणि व्यापाराचा १ ठेवला, तर ६ विरुद्ध ४ या हिशेबाने दोघेही टेकडीवर जातात. व्यापाराचा गुणक २ केला की हिशेब ६ विरुद्ध ८ असा फिरतो आणि दोघेही समुद्रावर जातात. उत्पादन एकदम ७ वरून १ वर येते. येथे लक्षात घेण्याजोगे हे आहे की गुणक थोडा बदलला म्हणून उत्पादन थोडे घटत नाही. उत्पादनाच्या तुलनेत व्यापाराचा गुणक दीडपटीच्या आत असेपर्यंत काहीच हलत नाही, आणि दीडपट ओलांडली की सगळेच हलते. विज्ञानाला प्राधान्य देणारा साचा लावल्यावर तुमच्या राजधानीत हेच घडलेले असणार. गव्हर्नरने टेकड्या सोडल्या, आणि आश्चर्याला लागणारे उत्पादन आटले.

याच शहरात व्यापाराचा गुणक २ च ठेवून उत्पादनाची किमान शिल्लक ३ लावा. आता दोघांना समुद्रावर पाठवणारी मांडणी बाद होते, कारण तिच्यात उत्पादन १ च आहे. गव्हर्नर एकाला टेकडीवर आणि एकाला समुद्रावर पाठवतो: शिल्लक ५ अन्न, ४ उत्पादन, ८ व्यापार. मनात जे होते ते हेच होते, आणि ते केवळ गुणकांनी मिळवता आले नसते. या दोन टाइल्सपुरते पाहिले तर गुणक कसेही ठेवा, उत्तर या टोकाला किंवा त्या टोकाला जाते. मधली मांडणी किमान मर्यादेनेच मिळते.

म्हणून मी असे मानतो की किमान शिल्लक ही अट आहे आणि गुणक ही आवड आहे. अट मोडायची वेळ आली तर गव्हर्नर काम सोडतो. आवड पुरी झाली नाही तर तो कुरकुर न करता जे जमेल ते करतो. अट मोडताना काम सोडण्याच्या या सवयीमुळेच तुमची पाच शहरे हातातून गेली.

हेही याच शहरात दिसते. क्लासिक नियमांत सुरुवातीला चार नागरिक आपोआप समाधानी असतात. सहापैकी दोघे नाराज राहिले असते, पण एक देवळामुळे आणि एक राजेशाहीतल्या शिबंदीच्या धाकामुळे शांत आहे. आता तुम्ही ती शिबंदी सीमेवर हलवली. एक नागरिक नाराज झाला, आनंदी कोणीच नाही, म्हणजे अशांतता ठरलेली. गव्हर्नर ती येऊ देत नाही: एका नागरिकाला मनोरंजक करतो, आणि उत्पादनाची अट ३ ची असल्यामुळे टेकडीला हात न लावता समुद्रावरचा माणूस उचलतो. शिल्लक ४ अन्न, ४ उत्पादन, ६ व्यापार. शहर शांत राहते, अट पाळली जाते, आणि व्यापार ८ वरून ६ झाल्याचे आपल्या लक्षातही येत नाही. एक पथक हलवण्याची ही खरी किंमत आहे, आणि ती शहराचा पडदा उघडल्याशिवाय दिसत नाही. तुमच्या राज्याचे विज्ञान एखाद्या फेरीत विनाकारण घटल्यासारखे वाटले, तर आधी त्या फेरीत कोणत्या शिबंद्या हलवल्या ते आठवा.

समजा आता दोन्ही टेकड्यांवर शत्रूची पथके येऊन उभी राहिली. शत्रू उभा असलेल्या टाइलवर काम करता येत नाही, त्यामुळे उत्पादन १ वर येते आणि ३ ची अट कोणत्याही मांडणीत पुरी होत नाही. गव्हर्नर तसा संदेश देतो आणि नियंत्रण तुमच्याकडे परत करतो. अट सैल करून तो स्वतः पुढे जात नाही, आणि शत्रू निघून गेल्यावर आपण होऊन परतही येत नाही. तिथून पुढे ते शहर तुम्ही पाहाल तेव्हाच पाहिले जाते. फेरीच्या सुरुवातीला वीस-पंचवीस संदेश येतात, त्यांत हा एक हरवतो, आणि पाचव्या फेरीत शिबंदी हलली की दंगा उसळतो. संदेशांच्या मांडणीत गव्हर्नरचे संदेश ठळक दाखवण्याची किंवा वेगळ्या खिडकीत उघडण्याची सोय आहे; ती आजच चालू करा.

तुमच्या शहरांत शत्रू आलेला नाही असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे अट मोडण्याचे कारण दुसरे असले पाहिजे. माझा पहिला संशय सोन्यावर आहे. क्लासिक नियमसंचात इमारतींचा सांभाळखर्च त्या त्या शहराच्या हिशेबात वजा होतो. वाचनालय, बाजार, देऊळ असलेले लहान शहर, आणि देशाचे दर विज्ञानाकडे झुकलेले, अशा वेळी त्या शहराचे सोने सहज उणे २ किंवा उणे ३ असते. देशाची तिजोरी भरलेली असली तरी या शहरापुरते सोने उणेच राहते. सोन्याची किमान शिल्लक ० वर राहिली असेल, तर गव्हर्नर आधी करवसुली करणारे नेमून ती भरायचा प्रयत्न करतो, आणि तेही जमले नाही की बाहेर पडतो. देशाच्या पातळीवर सोने पुरेसे असेल तर प्रत्येक शहराने स्वतःचे सोने जमवावे अशी अट घालण्याचे काहीच कारण नाही. मी ही पट्टी राजधानीसह सगळीकडे थेट उणे २० वर नेतो. विज्ञान, व्यापार आणि लक्झरी (नागरिकांना खूश ठेवणारा वाटा) यांच्या किमान पट्ट्याही मी उणे टोकालाच ठेवतो. अट घालायची ती फक्त अन्नाची आणि उत्पादनाची, कारण या दोन्ही गोष्टी शहराच्या स्वतःच्या असतात आणि देशाच्या तिजोरीतून भरून निघत नाहीत. अन्न उणे गेले तर साठा संपून उपासमार होते. उत्पादन उणे गेले तर ज्यांचा खर्च त्या शहरावर आहे ती पथके मोडीत निघतात.

व्यापाराच्या गुणकाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण अनुभवी खेळाडूही येथे चुकताना मी पाहिले आहेत. व्यापार हा कच्चा माल आहे. देशाच्या करदरांप्रमाणे त्याचेच सोने, लक्झरी आणि विज्ञान होते. व्यापाराचाही गुणक मोठा ठेवला आणि विज्ञानाचाही, तर तीच कमाई दोनदा मोजली जाते आणि अन्न-उत्पादनाची बाजू आपल्या नकळत हलकी पडते. ज्या शहरात वाचनालय किंवा बाजार आहे तेथे मी व्यापाराचा गुणक ० करतो आणि विज्ञान व सोने यांचेच गुणक ठेवतो, कारण इमारतीमुळे होणारी वाढ त्या दोन आकड्यांतच उतरते. ज्या नव्या शहरात अजून काहीच नाही तेथे फक्त व्यापाराचा गुणक पुरतो. तुमच्या साच्यात नेमके कोणते गुणक किती आहेत ते पट्ट्या पाहून तपासा. साच्याच्या नावावर विसंबू नका.

८ वर अडकलेल्या चार शहरांचे कारण अगदी सरळ आहे. क्लासिक नियमांत ८ च्या पुढे वाढायला जलवाहिनी लागते आणि १६ च्या पुढे मलनिःसारण. जलवाहिनी नसलेल्या, ८ लोकसंख्येच्या शहरात शिल्लक अन्न निव्वळ वाया जाते, पण गव्हर्नरला ते कळत नाही. अन्नाचा गुणक २ असेल तर तो पुढच्या शंभर फेऱ्याही इमानाने अन्न जमवत राहील. अशा शहरात अन्नाचा गुणक ० करा आणि किमान शिल्लकही ०. दोन-तीन नागरिक गवतावरून लगेच टेकडीवर किंवा समुद्रावर सरकतात आणि जलवाहिनीच निम्म्या वेळात उभी राहते. ती पूर्ण झाली की जुना साचा परत लावायचा. वाढीच्या मर्यादेला टेकलेल्या शहरांसाठी मी एक वेगळाच साचा ‘थांबलेले’ या नावाने जतन करून ठेवला आहे, आणि खेळाच्या मध्यात त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कोणत्याही साच्याचा होत नाही.

अन्नाची किमान पट्टी शून्याखालीही जाते, हे फार कमी जण वापरतात. साठ्यात ४० अन्न असेल आणि किमान शिल्लक उणे २ ठेवली, तर ते शहर वीस फेऱ्या साठ्यावर जगू शकते आणि तेवढा काळ एक जास्तीचा नागरिक खाणीवर राहतो. आश्चर्य पूर्ण होईपर्यंत राजधानीत मी हे जाणूनबुजून करतो. यात धोका एकच: ते शहर विसरले तर शेवटी एक नागरिक उपासमारीने जातो. म्हणून एका वेळी एकाच शहरात करावे.

हुकूमशाहीच्या काळात मात्र गव्हर्नर वापरू नये असे माझे मत आहे. त्या पद्धतीत २ पेक्षा जास्त उत्पन्न देणाऱ्या टाइलचा १ कापला जातो, त्यामुळे पाट काढलेली आणि न काढलेली गवताळ टाइल सारखीच ठरते. गणिताला फारसे काम उरत नाही, आणि चार-पाच शहरे हाताने सांभाळायला वेळही लागत नाही.

जवळजवळच्या शहरांचा प्रश्न अवघड आहे. एका टाइलवर एकच शहर काम करू शकते, आणि गव्हर्नर आपल्या शहरापुरते पाहतो. परिसर एकमेकांवर चढलेल्या दोन शहरांत सामाईक माशांची टाइल ज्याचा हिशेब आधी झाला त्याच्याकडे जाते. एका फेरीत मोठ्या शहराने ती नागरिक हलवताना सोडली की लहान शहर ती उचलते, आणि पुढे मोठ्याला ती मिळत नाही. यावर पूर्ण उपाय नाही. मी अशा जोडीतल्या एका शहराला गव्हर्नरविना ठेवतो: ज्याला ती टाइल मिळायला हवी त्याला हाताने बसवतो आणि दुसऱ्यावर गव्हर्नर सोडतो. हाताने बसवलेला नागरिक जागचा हलत नसल्यामुळे दुसऱ्याची ओढाताण थांबते. तुमची शहरे दोन-तीन टाइल्सच्या अंतरावर दाटीने वसलेली असतील, तर गव्हर्नरविना राहणाऱ्या शहरांची संख्या वाढेल, हे आधीच धरून चला.

गव्हर्नरच्या पडद्यावर उत्सवाची एक खूण करता येते, तिच्याबद्दल थोडक्यात. शहराची लोकसंख्या किमान ३ असेल, निम्मे किंवा अधिक नागरिक आनंदी असतील आणि नाराज कोणीच नसेल, तर शहरात उत्सव होतो. क्लासिक नियमांत प्रजासत्ताक आणि लोकशाहीत, अन्न शिल्लक असेल तर, उत्सवाच्या काळात शहर फेरीला एकाने वाढते. पण गव्हर्नरमध्ये उत्सवाची खूण करणे म्हणजे ती अट घालणे होय. ज्या शहराला ते शक्य नाही तेथून तो लगेच बाहेर पडतो. ती खूण न करता उत्सवाचा गुणक वाढवावा. ज्याला जमेल ते शहर उत्सव करील, बाकीची चालू राहतील. सध्याच्या राजेशाहीत तुम्हाला त्याची घाई नाही.

आता बांधकाम. तेथे माझा सल्ला उलटा आहे: काय बांधायचे हे कोणत्याही यंत्रावर सोपवू नका. नागरिकांची मांडणी हे गणित आहे, त्याला एक बरोबर उत्तर असते. पण या शहरात आधी वाचनालय की आधी तटबंदी, याचे उत्तर सीमेपलीकडे कोण राहतो आणि तुम्ही वीस फेऱ्यांनी काय करणार आहात यावर ठरते, आणि ते तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. वर्कलिस्ट, म्हणजे बांधायच्या गोष्टींची क्रमवार यादी, मात्र मोकळ्या हाताने वापरा. एका यादीत ६४ गोष्टी मावतात, आणि याद्या नावाने जतन करून कितीही शहरांना जोडता येतात. माझ्याकडे किनाऱ्याच्या शहरांची, आतल्या शहरांची आणि सीमेवरच्या शहरांची अशा तीन याद्या असतात. ज्या गोष्टीचे तंत्रज्ञान अजून हाती नाही तीही यादीत घातली तरी चालते. यादी ती मागे सारते आणि पुढची गोष्ट घेते. शेवटी नेहमी नाणेपाडणी ठेवावी, म्हणजे यादी संपल्यावर खेळातला सल्लागार स्वतःच्या मनाने एखादी इमारत धरत नाही आणि उत्पादनाचे सोने होत राहते. काम अर्धवट असताना इमारतीवरून पथकावर किंवा आश्चर्यावर उडी मारली तर जमलेल्या उत्पादनातले निम्मे जाते. नीट लिहिलेल्या यादीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ही उडी मारण्याची वेळच कमी येते.

गव्हर्नर आणि यादी यांचा मेळ मात्र तुम्हालाच घालावा लागतो. यादीत जलवाहिनी आली की साचा बदलायचा, यादी नाणेपाडणीवर पोचली की उत्पादनाची अट काढून टाकायची, हे गव्हर्नरला आपोआप कळत नाही. यासाठी शहरांचा अहवाल उघडावा. त्यात गव्हर्नरचा स्तंभ असतो: कोणत्या शहरावर कोणता साचा आहे, कोणत्या शहराच्या पट्ट्या कोणत्याही साच्याशी जुळत नाहीत, आणि कोठे गव्हर्नरच नाही, हे एका नजरेत दिसते. लोकसंख्येप्रमाणे शहरे लावून घ्यावीत, ८ ची सगळी एकदम निवडावीत, आणि तेथूनच साचा बदलावा. मी हे दर पाचव्या फेरीला करतो आणि त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. करांचे दर बदलायचे असतील तर ते फेरीच्या सुरुवातीलाच बदलावेत, कारण दर बदलले की प्रत्येक शहराचा हिशेब नव्याने होतो. आणि त्यानंतर गव्हर्नर बाहेर पडल्याचे संदेश वाचूनच पुढच्या हालचाली कराव्यात.

कामगारांना स्वयंचलित केले तरी चालेल, पण सगळ्यांना नको. गव्हर्नर आहे त्या टाइल्समधून निवडतो. नवी खाण कोठे हवी हे तो कामगारांना सांगत नाही. त्यामुळे तीन-चार कामगार हाती ठेवून उत्पादन कमी पडणाऱ्या शहरांजवळ तेच फिरवावेत.

तुम्ही दुसऱ्या खेळांतून येथे आला असाल तर एक सवय मोडावी लागेल. २००५ च्या सिव्हिलायझेशन ४ मध्ये अन्न, उत्पादन, व्यापार यांवर भर देण्याची बटणे आहेत आणि नागरिक व बांधकाम यांचे स्वयंचलन वेगवेगळे चालू करता येते. २०१० च्या सिव्हिलायझेशन ५ मध्ये शहराचा रोख निवडता येतो, आणि एखाद्या टाइलवर नागरिक कुलूप लावून बसवता येतो. १९९९ च्या अल्फा सेंटॉरीमध्ये गव्हर्नरला शोध, संशोधन, उभारणी आणि विजय यांपैकी रोख देता येत होता. या सगळ्यांत सांगता येते ती आवड; आकड्यातली अट त्यांत नाही. सिव्हिलायझेशन ५ मधले कुलूप हे अटीचे जवळचे रूप आहे, आणि तेथे खेळताना मी खाणीवरचे दोन नागरिक कुलूपबंद करून बाकी रोखावर सोडतो. फ्रीसिव्हमध्ये अट आकड्यात घालता येते ही मोठी सोय आहे, पण बटणे दाबण्याची सवय असलेला खेळाडू ती पट्टी ० वर आहे तशीच ठेवतो, आणि ० हीसुद्धा एक अटच असते.

तुमच्या २६ शहरांसाठी मी हे या क्रमाने करीन. आधी शहरांचा अहवाल उघडून गव्हर्नर सुटलेली पाच शहरे शोधा आणि ज्या दोहोंत दंगा आहे तेथे एकेक पथक परत आणा. मग सगळ्या शहरांसाठी एक सर्वसाधारण साचा बनवा: अन्नाची किमान शिल्लक १, उत्पादनाची २, बाकी सगळ्या किमान पट्ट्या उणे २०, गुणकांत अन्न २, उत्पादन १, सोने १, विज्ञान २, व्यापार ०, आणि उत्सवाची खूण नाही. जी नवी शहरे ३ लोकसंख्येच्या आत आहेत तेथे उत्पादनाची अट १ करा आणि व्यापाराचा गुणक २, कारण तेथे विज्ञानाचे आकडे इतके लहान असतात की गुणकाला धरायला काही मिळत नाही. ८ वर अडकलेल्या चार शहरांना ‘थांबलेले’ हा साचा लावा आणि जलवाहिनी यादीत सगळ्यात वर आणा. राजधानीत उत्पादनाचा गुणक ३ करा, विज्ञानाचा १, आणि साठ्यात अन्न असेल तर किमान अन्न उणे २ पर्यंत उतरवा. आश्चर्य किती फेऱ्यांत होईल तो आकडा शहराच्या पडद्यावर लगेच बदललेला दिसेल. राजधानीच्या परिसरात दुसऱ्या शहराचा वाटा असेल तर त्या शहरावरचा गव्हर्नर आश्चर्य पूर्ण होईपर्यंत बंद ठेवा. नंतर फेरी संपवा, आणि पुढच्या फेरीच्या आरंभी आलेल्या संदेशांत गव्हर्नर सुटल्याचा एकही नसेल तर पट्ट्यांना पाच फेऱ्या हात लावू नका. असेल, तर त्या शहराचा पडदा उघडून अन्न, उत्पादन आणि सोने या तिघांपैकी कोणता आकडा अटीच्या खाली गेला आहे ते पाहा आणि फक्त तेवढीच अट सैल करा.